बँडविड्थ कंट्रोलवाला राउटर: चालतो, पण घरात आधीचा दुसरा राउटर असेल तर हे वाचून घ्या (७ महिने वापरल्यावर)

तीन स्टार देतेय. दोन कुठे कापले ते सविस्तर सांगते, कारण रेंज मस्त, दिसायला छान हे सगळं खरं असलं तरी मी हा डबा रेंजसाठी घेतलाच नव्हता, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'स्मार्ट बँडविड्थ कंट्रोल' (म्हणजे घरात कुणाला किती नेट द्यायचं ते ठरवता येणं) लिहिलंय त्यासाठी घेतला होता, आणि ते कंट्रोल सुरू व्हायला माझे चार रविवार गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझीच होती आणि उरलेली निम्मी बऱ्याच कंपन्यांच्या राउटरमध्ये सापडेल.

आधी घरातली परिस्थिती. फायबर येते ती एका छोट्या पांढऱ्या डब्यात, त्याला वायफाय नाही, त्यातून एक वायर आमच्या जुन्या राउटरला, तो हॉलमध्ये. मागच्या खोलीत रेंज पोचत नव्हती म्हणून हा नवीन राउटर तिथे ठेवला, हॉलमधून त्याला वायर ओढली. प्लॅन २०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) डाउनलोड आणि ५० अपलोड. नवरा दिवसभर मीटिंगमध्ये, मुलगा गेममध्ये, सासूबाई टॅबवर मालिका बघतात, आणि संध्याकाळी सात वाजले की नवऱ्याचा आवाज तुटायला लागतो, मग खोलीतून हाक येते, "अगं, नेट कोण खातंय बघ जरा!" तर म्हटलं मुलाच्या गेमच्या मशीनला आणि टॅबला लिमिट लावू, काम झालं. एवढीच माफक अपेक्षा होती.

ॲपमध्ये सेटअप अगदी पाच मिनिटांत झाला, इतका सोपा की मला तिथेच शंका यायला हवी होती. सेटअपच्या वेळी ॲपने बघितलं की पुढे आधीच एक राउटर आहे आणि मला न विचारता याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं. आता यात तसं चुकीचं काही नाही, मागच्या खोलीत नुसती रेंज हवी असेल तर हाच मोड बरोबर. पण या मोडमध्ये हा राउटर राहतच नाही, नुसता वायफाय वाटणारा स्विच होतो, आयपी (प्रत्येक डिव्हाइसचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटायचं काम पुढचा राउटर करतो, पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) इकडून येतात तिकडे जातात, हा त्यात हात घालत नाही. आणि तरीही ॲपमध्ये बँडविड्थ कंट्रोलचा मेनू तसाच दिसत होता! मी टॅब निवडला, लिमिट टाकलं, बटण हिरवं झालं, 'सेव्ह झालं' असं आलं. टॅबवर स्पीड टेस्ट केली तर ९४. लिमिट काढलं, ९४. परत लावलं, ९४. पहिला अर्धा स्टार इथे कापला. जे फीचर त्या मोडमध्ये चालत नाही त्याचं बटण करडं करून ठेवायला काय जातं यांचं? हिरवं बटण म्हणजे माणसाला वाटणारच ना की चालू आहे.

त्या ९४ वरून एक फायदा मात्र झाला. प्लॅन २०० चा असताना दर वेळी ९४ च कसे, एकदा ९० नाही, एकदा ११० नाही? वायफायचा आकडा असा एका जागी कधी बसत नाही, तो वरखाली नाचतो. मग कळलं, १०० च्या पोर्टवर हेडर (प्रत्येक पॅकेटवरची पत्त्याची माहिती) वगैरे जाऊन हातात ९४ च पडतात, म्हणजे कुठेतरी लिंक १०० वर अडकलीय. दोन्ही राउटर गिगाबिटचे आहेत, मग उरली वायर. दाराच्या फटीत रोज दबून दबून तिच्यातली तारांची एक जोडी गेली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून वायर मेली नव्हती, गुपचूप निम्मी झाली होती. नवीन वायर टाकली, पोर्टचा दिवा नारिंगीचा हिरवा झाला, टेस्ट १८८. याचा बँडविड्थ कंट्रोलशी काही संबंध नाही, पण तुमच्याकडे सारखे ९४ च येत असतील तर आधी वायर बघा, राउटरला शिव्या नंतर.

दुसऱ्या रविवारी मी याला राउटर मोडमध्ये टाकलं आणि घरातलं नेटच गेलं. कारण जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि याचाही डीफॉल्ट तोच. याला पुढून जे नेटवर्क मिळतंय आणि हा मागे जे वाटतोय ते एकाच नावाचं, मग तो बिचारा पॅकेट पाठवणार कुठे. काही राउटर अशा वेळी स्वतःहून आपला पत्ता बदलतात, याने नाही बदलला. वर गंमत अशी की ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की कधी जुन्याचं लॉगिन उघडायचं कधी नव्याचं, आणि दोघांची पानं रंगाने सारखीच, मी दोनदा चुकीच्या राउटरमध्ये सेटिंग बदलली. याचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला, रीस्टार्ट केला, नेट आलं. आणि हो, आता लिमिट खरंच लागलं!

जरा जास्तच लागलं. मी टॅबला २० टाकले होते, माझ्या डोक्यात एमबीपीएस. ॲपमध्ये युनिट लिहिलेलंच नाही, वेबपेजवर त्याच चौकटीच्या बाजूला बारीक अक्षरात केबीपीएस, म्हणजे एमबीपीएसचा हजारावा भाग. म्हणजे सासूबाईंना मी २० केबीपीएस दिले होते, जुन्या डायलअपच्या जमान्यात मोडेम ५६ चे असायचे, त्याच्याही निम्म्याहून कमी. त्या शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, माझी मालिका बघ ना, गोल गोल फिरतीय सकाळपासून." सकाळपासून! आणि तोवर कुणाला सांगितलं नाही. २० एमबीपीएस हवे असतील तर तिथे २०००० लिहायचं, आणि हे जिथे जिथे आकडा टाकाल तिथे तपासा, कारण डाउनलोड करताना दिसतात ते मेगाबाइट, प्लॅन असतो मेगाबिटमध्ये, एका बाइटचे आठ बिट, या गोंधळात भलेभले फसतात.

बरं, लिमिट लागलं, तरी सातला नवऱ्याचा आवाज तुटतोच. इथे मी खरी वैतागले. चॅटवर सपोर्टला विचारलं, त्यांनी तीन वेळा रीस्टार्ट करायला सांगितलं आणि चौथ्यांदा फॅक्टरी रीसेट. रीसेट करणार होते खरंच, पण त्याआधी सहज लॅपटॉपवरून ट्रेसरूट मारून बघितलं, पॅकेट कुठून कुठून जातंय. माझ्या लॅपटॉपवरून पहिली उडी ५०.१ (नवीन राउटर), दुसरी १.१ (जुना), मग बाहेर. म्हणजे दोन राउटर, दोन वेळा नॅट (राउटर मागच्या सगळ्यांना स्वतःच्या एकाच पत्त्याने बाहेर दाखवतो ते). नवऱ्याच्या लॅपटॉपवरून मारलं तर पहिलीच उडी १.१. तो नव्या राउटरवर नव्हताच! दोन्ही वायफायला मी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला होता, की फिरताना फोन आपोआप बदलतील, तर ज्याला जो जवळचा वाटला तो त्याला चिकटला. टीव्ही जुन्यावर, मुलाचं गेमचं मशीन जुन्यावर वायरने, निम्मे फोन जुन्यावर. आणि मी नियम कुठे लिहितेय तर मागच्या खोलीतल्या राउटरवर, ज्याच्यावर सासूबाईंचा टॅब आणि माझा लॅपटॉप. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बँडविड्थ कंट्रोल म्हणजे काही घरभर पसरणारी जादू नाही, राउटर फक्त त्याच्या पोटातून जाणारं ट्रॅफिक अडवू शकतो. जे त्याच्या आधीच्या राउटरवरून परस्पर बाहेर गेलं ते त्याला दिसतही नाही. ही एक ओळ त्या मॅन्युअलमध्ये नाही, दुसरा अर्धा स्टार इथे कापला. ४० पानांच्या मॅन्युअलमध्ये दिव्यांच्या रंगांवर दोन पानं आहेत आणि यावर काही नाही.

मग डोक्यात आलं की जुन्या राउटरमध्येही एक साधं लिमिट आहे, ते वापरू, सगळं त्याच्यातूनच जातंय ना. लावलं. तर त्याच्या यादीत मागच्या खोलीतलं सगळं मिळून एकच डिव्हाइस दिसतं, कारण नवीन राउटर नॅट करून सगळ्यांना स्वतःच्या एका आयपीमागे लपवतो. टॅबला आवर घालायला जावं तर माझा लॅपटॉपही आवळला गेला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय दोन नॅटमुळे प्रिंटर गायब, तो मागच्या खोलीत आणि हॉलमधल्यांना तो दिसेना, फोनवरून टीव्हीवर टाकायचं तेही बंद पडलं. दोन राउटर एकामागे एक राउटर मोडमध्ये ठेवून बँडविड्थ कंट्रोल नीट करता येत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, कुणाला जमलं असेल तर त्यांच्या चिकाटीला नमस्कार.

उपाय शेवटी सोपा निघाला, दोघांच्या जागा बदलल्या. नवीन राउटर हॉलमध्ये, फायबरच्या डब्याला थेट. जुना मागच्या खोलीत. म्हणजे घरातलं प्रत्येक पॅकेट आता नव्यातूनच जाणार. यात दोन अडचणी आल्या त्या सांगते. एक, नव्या राउटरला पीपीपीओई (ऑपरेटरकडे लॉगिन करायची पद्धत) चा युजर आणि पासवर्ड लागतो, तो कनेक्शन घेताना दिलेला असतो पण कुणाला आठवतोय, मला एका जुन्या मेसेजमध्ये मिळाला. तो टाकूनही नेट येईना, कारण ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक डिव्हाइसचा ओळख क्रमांक) बांधून ठेवला होता. यात 'मॅक क्लोन' म्हणून ऑप्शन आहे, जुन्याच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा मॅक त्यात टाकला. तरीही नाही. स्टिकरवर लिहिलेला लॅनचा (घराकडच्या बाजूचा) होता, वॅनचा (ऑपरेटरकडच्या बाजूचा) शेवटचा आकडा एकने जास्त, तो जुन्याच्या स्टेटस पानावर मिळाला. नेट आलं. ज्यांना हे नको असेल त्यांनी ऑपरेटरला फोन करून नवीन मॅक नोंदवून घ्यावा, मला त्या हेल्पलाइनच्या संगीतावर आणखी एक रविवार घालवायचा नव्हता.

दुसरी अडचण, जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोडच नाही. पण त्याची गरज नसते. त्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा पत्ता १९२.१६८.५०.२ करायचा, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावायची, वॅन मोकळं. झाला ॲक्सेस पॉइंट. क्रम सांभाळा फक्त, आधी सेटिंग मग वायर, मी उलटं केलं आणि दहा मिनिटं दोन्ही राउटर आयपी वाटत बसले, कुणाला नेट आहे कुणाला नाही. वायफायचा चॅनेलही बघून घ्या, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर ६ नंबरला होते, एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते, एक १ वर टाकला एक ११ वर. प्रिंटर परत आला, तोही न सांगता सवरता.

आता राउटरचं खरं परीक्षण, कारण योग्य जागी बसल्यावर तो काय करतो तेच बघायचं ना. यादी स्वच्छ दिसते, मागच्या खोलीतल्या राउटरवरचीही सगळी डिव्हाइसं वेगवेगळी दिसतात, प्रत्येकाला वेगळं लिमिट टाकता येतं. गेमच्या मशीनला ३०, टॅबला १५. गेम खेळायला खरं तर फार बँडविड्थ लागतच नाही, गेमचे अपडेट डाउनलोड होतात ते सगळं खातात, त्यामुळे ३० मध्ये मुलाची कुरकुर फक्त अपडेटच्या दिवशी. एकदम बढिया.

पण एक भोक राहिलं होतं. टॅबवर एका साइटवर स्पीड टेस्ट १५ दाखवायची आणि दुसऱ्या साइटवर १६०. कळेना. टॅबला लिमिट आहे की नाही? खूप वेळ मी साइटलाच दोष देत होते. कारण निघालं आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४. याचे नियम आतून आयपीव्ही४ च्या पत्त्यावर लागतात, आणि ऑपरेटरकडून आयपीव्ही६ सुद्धा येतं, मग जी साइट आयपीव्ही६ वर बोलते तिचं ट्रॅफिक नियमाच्या बाजूने निघून जातं, आणि मोठमोठ्या व्हिडिओ साइट तर आयपीव्ही६ मिळालं की सहसा त्यावरच बोलतात. एक रात्र राउटरमध्ये ते बंद करून बघितलं, दोन्ही साइटवर १५. सध्या बंदच ठेवलंय. हे काही अभिमानाने सांगायचं उत्तर नाही, २०२० नंतरच्या राउटरमध्ये नियम दोन्हीला लागले पाहिजेत, इथे तिसरा अर्धा स्टार गेला.

सातच्या आवाजाचं काय? तर तो अजूनही तुटत होता! सगळे नियम बरोबर लागलेले असताना. शेवटी एका संध्याकाळी नवऱ्याच्या मीटिंगच्या वेळी मी लॅपटॉपवर नुसता पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती मिलीसेकंद लागतात ते मोजणं) सोडून बसले. ९, ८, ९, ११, ८... आणि सात वाजून चार मिनिटांनी मुख्य दार उघडलं, मुलगा क्लासवरून आला, बूट काढेपर्यंत पिंग ३८०, ४१०, ३९५. त्याने अजून काही उघडलंसुद्धा नव्हतं. त्याच्या खिशातला फोन वायफायला लागला आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागला. अपलोड! मी महिनाभर डाउनलोड आवळत बसले होते आणि भांडण अपलोडचं होतं. अपलोडची चौकट मी सगळीकडे शून्य ठेवली होती, शून्य म्हणजे अमर्याद.

यात होतं काय की ५० चा अपलोड पूर्ण भरला की पॅकेटची रांग लागते, आणि ती लागते फायबरच्या डब्यात, त्याला काय नवऱ्याचा आवाज आणि काय मुलाचे फोटो, जो पहिला आला तो पहिला. डाउनलोडही मंदावतं, कारण आलेल्या डेटाच्या पोचपावत्या अपलोडनेच पाठवाव्या लागतात आणि त्याही त्याच रांगेत. याला बफरब्लोट म्हणतात. बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत राहिला तर सहसा त्रास होत नाही असं आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.११४ या शिफारशीत दिलंय, आमच्याकडे रांगेतच त्याच्या दुपटीहून जास्त वेळ जात होता. उपाय असा की रांग त्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, म्हणजे राउटर ठरवेल कोणाला पुढे सोडायचं. त्यासाठी एकूण बँडविड्थ खऱ्या स्पीडपेक्षा थोडी कमी सांगायची, साधारण ९० टक्के. प्लॅनचा आकडा नाही टाकायचा, वायरने मोजलेला घ्यायचा. माझे मोजलेले १८८ आणि ४६, मी १७०००० आणि ४१००० टाकले, नवऱ्याच्या लॅपटॉपला प्रायॉरिटी दिली. त्या दिवशी मुलगा आला, फोटो चढले, पिंग ३५ च्या वर गेला नाही. नवऱ्याला सांगितलंही नाही. दोन दिवसांनी तोच म्हणाला, "नेट सुधारलं की काय गं? ऑपरेटरने काहीतरी केलं वाटतं." ऑपरेटरने!

या कामासाठी नुसत्या लिमिटपेक्षा चांगली तंत्रं आहेत हे जाता जाता सांगते, एफक्यू-कोडेल नावाचं २०१८ मध्ये आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून आलंय, ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं आणि रांग लांबायला लागली की वेळीच काही पॅकेट टाकून देऊन समोरच्याला हळू व्हायला लावतं, नियम लिहावेच लागत नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) घातलेल्या राउटरवर एसक्यूएम नावाने ते मिळतं. या राउटरमध्ये ते दिसत नाही, नुसते हाय-मिडियम-लो आहेत. तुमची गरज फक्त आवाज न तुटण्याची असेल आणि कुणाला आवळायचं नसेल तर सरळ एसक्यूएमवाला घ्या, हा घेऊ नका. कुणाला किती द्यायचं ते हातात हवं असेल तर हा ठीक आहे.

कंट्रोल चालू केल्यावर राउटरची हार्डवेअर ॲक्सेलरेशन (पॅकेट झटपट पुढे ढकलणारी खास चिप) बंद होते, सगळं काम प्रोसेसरवर येतं. २०० च्या प्लॅनला काही फरक नाही पडला, पण ५०० किंवा १००० चा प्लॅन असेल तर घेण्याआधी विचार करा, याचा प्रोसेसर तेवढं ओढेल असं मला वाटत नाही. गरम होतो, पण हात ठेवता येतो. दिवे रात्री बंद करता येतात. रेंज चांगली. ॲपपेक्षा वेबपेज वापरा, ॲप डिव्हाइसना दिलेली नावं विसरतं. दोनदा फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, दुसऱ्या वेळी एकूण बँडविड्थचा आकडा परत डीफॉल्ट झाला, तो लिहून ठेवा कुठेतरी.

आणि शेवटचा अर्धा स्टार गेल्या आठवड्यात गेला म्हणून तर हा रिव्ह्यू लिहायला बसले. गेमला लिमिट आहे म्हणून मुलगा आता अपडेट फोनवरच उतरवतो, मी फोनलाही लिमिट लावलं. दोन दिवस लागलं, तिसऱ्या दिवशी यादीत 'नवीन डिव्हाइस', लिमिट काही नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खरा मॅक सांगतच नाहीत, बनावट सांगतात, आणि मुलाने फोनच्या सेटिंगमधलं ते एक बटण बंद-चालू केलं की राउटरला तो वेगळाच माणूस वाटतो. विचारलं तर म्हणतो, "आई, मी काहीच नाही केलं, नेट आपोआप फास्ट झालं." अनोळखी डिव्हाइसला आपोआप लिमिट लागेल असा ऑप्शन यात नाही. सध्या त्याचा फोन गेस्ट नेटवर्कवर टाकलाय, तिथे सगळ्यांना मिळून एकच लिमिट लावता येतं, आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदललाय. तो ऑप्शन अपडेटमध्ये आला तर एक स्टार वाढवीन, तोवर तीन.